किनाऱ्यावरची शिरोरेघ: देवनागरी मथळ्यांसाठी क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी

फोंड्याच्या देवस्थानाचे जत्रेचे पान, म्हापशातल्या दुकानाची दरसूची, पणजीतल्या नाट्यप्रयोगाची जाहिरात. यांचा मथळा बहुधा मॅकवर सजवला जातो, मंजुरी देणारा तो कचेरीतल्या विंडोज संगणकावर पाहतो आणि वाचणारे बरेचसे अँड्रॉइड फोनवर असतात. फाँट एकच, स्टाइलशीट (सजावटीच्या नियमांची फाइल) एकच, तरी एकीकडे शिरोरेघ जाड, दुसरीकडे तुटक, तिसरीकडे रफाराचा माथा कापलेला. दोष सरसकट ब्राउझरला दिला जातो. तो निम्माच खरा आहे. मथळ्याला ठळकपणा, तिरपेपणा, अक्षरांतर किंवा बाह्यरेघ मागितली आणि तिची सोय फाँटमध्ये नसली, तर ब्राउझर ती स्वतः बनवतो, आणि बनवण्याची रीत प्रत्येकाची वेगळी असते. रोमन लिपीत हा फरक खपून जातो. देवनागरीत अक्षरे वरून एका रेघेने बांधलेली असतात, त्यामुळे तो लगेच डोळ्यात भरतो.

हे परीक्षण चार ब्राउझरांचे आहे, पण फक्त सजवलेल्या देवनागरीपुरते. वेग, बॅटरी, जाहिराती अडवणे यांचा इथे विचार नाही.

नावे चार असली तरी पान पडद्यावर मांडणारी इंजिने तीनच आहेत. एज जानेवारी २०२० पासून क्रोमच्याच क्रोमियम पायावर चालतो, त्यामुळे एकाच संगणकावर या दोघांत अक्षरांचा फरक शोधणे म्हणजे वेळ घालवणे. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनवर कोणताही ब्राउझर टाकला तरी आत सफारीचे वेबकिटच असते. म्हणजे 'आयफोनवरच्या क्रोममध्ये बघितलं, नीट दिसतं' या वाक्याचा अर्थ सफारीत नीट दिसते एवढाच.

काम दोन टप्प्यांत होते, हे लक्षात ठेवले की निम्मे प्रश्न सुटतात. पहिला टप्पा अक्षरजुळणीचा: कोणते व्यंजन अर्धे, रफार कुठे बसणार, वेलांटी आधी की नंतर. क्रोम, एज आणि फायरफॉक्स हे काम हार्फबझ नावाच्या एकाच सॉफ्टवेअर-लायब्ररीकडून करून घेतात, सफारी ॲपलच्या कोअर टेक्स्टकडून. दुसरा टप्पा रंगवण्याचा, आणि तिथे विंडोज, मॅक, अँड्रॉइड यांचा हात लागतो. जोडाक्षर चुकले तर संशय फाँटवर आणि पहिल्या टप्प्यावर घ्यावा. जाडी, धूसरपणा किंवा कडा चुकल्या तर दुसऱ्यावर.

तपासणीला शब्द घरचेच घ्यावेत. गोव्याच्या नकाशावर देवनागरीची सगळी कठीण वळणे सापडतात: कुंकळ्ळी (ळ्ळ), म्हार्दोळ (म्ह आणि रफारावर ओकार), सासष्टी (ष्ट), अंत्रुज (त्रु), सत्तरी (त्त), बार्देश आणि पर्वरी (रफार), श्री शांतादुर्गा. त्यांच्या जोडीला 'मूर्तींची', कारण तिथे रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच माथ्यावर येतात. 'राष्ट्रीय', कारण ष्ट्र खाली खोल उतरतो. आणि 'किनाऱ्यावर', 'ॲप', '₹'. हे शब्द एका साध्या पानावर ओळीने टाकावेत आणि तीच ओळ साधी, ठळक, तिरपी, अक्षरांतर दिलेली, बाह्यरेघेची आणि रंगछटेची अशी सहा वेळा लावावी. नेहमीचे 'मराठी मजकूर' किंवा 'अ आ इ ई' टाकून काहीच कळत नाही, त्यात मोडण्यासारखे काही नसते.

खोटा ठळकपणा

सर्वांत जास्त मथळे इथे बिघडतात. एच-वन ते एच-सिक्स हे मथळ्याचे टॅग ब्राउझर मूळातच ठळक धरतो. आता सजावटीसाठी निवडलेले फाँट बघा: यत्र वन, रोझा वन, मोदक, गोटू या सगळ्यांत एकच वजन, म्हणजे जाडी, आहे. तिरो देवनागरी मराठीत सरळ आणि तिरपा असे दोन प्रकार आहेत, ठळक नाही. मथळ्याला यातला फाँट लावला आणि वजन ४०० (साधे) असे स्पष्ट लिहिले नाही, तर ब्राउझर ७०० (ठळक) मागतो, फाँट ४०० देतो आणि मधली तूट ब्राउझर रंगाने भरून काढतो. रोझा वन तर मुळातच लठ्ठ आहे. त्याला आणखी फुगवले की 'क्ष' आणि 'श्र' यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते.

तूट भरण्याची रीत इंजिनागणिक बदलते. क्रोम अक्षराची बाह्यरेघ सगळीकडून फुगवतो, त्यामुळे उभे दंडही जाड होतात आणि शिरोरेघही. सफारी तेच अक्षर किंचित उजवीकडे सरकवून पुन्हा रंगवतो. त्यात उभे दंड जाड होतात, पण आडवी शिरोरेघ सरकली तरी स्वतःवरच पडते, म्हणून तिची जाडी होती तेवढीच राहते. मॅकवर सजवलेला मथळा विंडोजवर 'जड' का वाटतो, याचे हे एक नेमके कारण. मॅकवर हीच तपासणी क्रोम आणि सफारी शेजारी शेजारी उघडून करता येते. शिरोरेघेची जाडी वेगळी दिसली तर ठळकपणा खोटा आहे असे बहुतांशी समजावे.

उपाय एका ओळीचा आहे: फाँट-सिंथेसिस या गुणधर्माला 'नन' ही किंमत द्यावी. फायरफॉक्स आणि सफारी ती फार पूर्वीपासून मानतात, क्रोमने ती ९७ व्या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये घेतली. त्यानंतर फाँटमध्ये नसलेले वजन कोणीही बनवणार नाही, मथळा आहे त्या वजनात दिसेल. पण ही ओळ सगळ्या पानाला लावण्याआधी मजकुराच्या फाँटचे ठळक वजन खरोखर जोडलेले आहे ना, ते बघावे. नाहीतर बातमीतला ठळक केलेला शब्द साधा दिसेल आणि संपादकाला वाटेल की बटण चालत नाही.

वजन निवडण्याचा ब्राउझरचा नियमही माहीत असावा. ५०० पेक्षा जास्त वजन मागितले आणि ते नसले, तर आधी त्याहून जड वजन शोधले जाते, मग हलके. ४०० पेक्षा कमी मागितले तर उलट. म्हणजे फक्त ४०० आणि ७०० जोडले असतील आणि मथळ्याला ६०० दिले असेल, तर ७०० दिसेल. ही तडजोड प्रामाणिक आहे, कारण तिथे खरे वजन वापरले जाते.

परिवर्तनीय (व्हेरिएबल) फाँट वापरणाऱ्यांची एक चूक वारंवार दिसते. 'अनेक देवनागरी' या फाँटची फाइल एकच, पण तिच्यात १०० ते ८०० पर्यंतची सगळी वजने आहेत. ती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून ॲट-फाँट-फेस नियम लिहिताना वजनाची कक्षा '१०० ८००' अशी लिहायची राहून गेली, तर ब्राउझर ती फाइल फक्त ४०० ची समजतो. मग आत खरे ७०० असूनही बाहेर खोटा ठळकपणा दिसतो. गूगल फाँट्सच्या दुव्याने हीच फाइल घेतली तर कक्षा आपोआप येते. म्हणून 'दुव्याने नीट होतं, स्वतःकडे आणल्यावर बिघडलं' अशी तक्रार आली की पहिली नजर या ओळीवर टाकावी. बलू २ ची कक्षा ४०० ते ८००, नोटो सान्स देवनागरीची १०० ते ९००.

तिरपे अक्षर

देवनागरीला तिरप्या अक्षराची छपाईपरंपरा नाही, आणि बहुतेक देवनागरी फाँटमध्ये तिरपा प्रकार नसतोच. मागितला की ब्राउझर सरळ अक्षर कलंडवतो. सीएसएस या स्टाइलशीटच्या भाषेच्या नियमात अशा कलाचा मूळ कोन १४ अंश आहे. दंड कलतात, शिरोरेघ आडवीच राहते, आणि रफार व वेलांटी माथ्यावर असल्यामुळे सर्वांत जास्त सरकतात. 'मूर्तींची' मध्ये अनुस्वार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि तिरप्या शब्दानंतरचा सरळ शब्द चिकटल्यासारखा दिसतो. नाटकाचे नाव, ग्रंथाचे नाव किंवा अवतरण यांसाठी तिरपेपणा सोडून वजन किंवा रंग वापरावा. रचनेत शब्दावर भर देणारा ईएम टॅग असेल तर मराठी आणि कोंकणीपुरता त्याचा तिरपेपणा काढून वजन ६०० करावे. तिरपेपणा हवाच असेल तर तिरो देवनागरी मराठीचा तिरपा प्रकार खास आखलेला आहे, तो जोडावा.

अक्षरांतर

परदेशी थीम विकत घेतली की मेनूला आणि मथळ्याला लेटर-स्पेसिंग ०.०५ ते ०.१ ईएम (अक्षराच्या आकाराच्या प्रमाणातले माप) दिलेले असते. रोमन मोठ्या लिपीला ते शोभते. देवनागरीत प्रत्येक अक्षरगटानंतर तेवढी जागा पडते आणि शिरोरेघेचे तुकडे होतात: सा स ष्टी. चारही ब्राउझर हे करतात, त्यात कोणाचाही दोष नाही. फरक दिसतो तो फाँटमुळे. काही फाँटांत शिरोरेघ दोन्ही बाजूंना थोडी बाहेर काढलेली असते, त्यामुळे ०.०१ ईएम झाकले जाते, बाकीच्यांत तेही उघडे पडते. मराठी आणि कोंकणी या दोन भाषांसाठी लँग (भाषेची खूण) निवडक लिहून अक्षरांतर शून्य करावे. हवा खेळती हवी असेल तर शब्दांतर वाढवावे, किंवा फाँटची रुंदी. 'अनेक देवनागरी' फाँटमध्ये रुंदीचा अक्ष ७५ ते १२५ आहे आणि तो शिरोरेघेला न तोडता मथळा रुंद करतो. शिगमोत्सवाच्या फलकासारखा आडवा, ऐसपैस मथळा करायचा असेल तर याहून चांगला मार्ग आमच्या माहितीत नाही.

बाह्यरेघ, पारदर्शक रंग, रंगछटा

वेबकिट-टेक्स्ट-स्ट्रोक हा गुणधर्म चारही ब्राउझर मानतात आणि चौघांतही देवनागरी प्रथम वाईटच दिसते. बाह्यरेघ प्रत्येक अक्षराभोवती स्वतंत्र ओढली जाते, त्यामुळे शिरोरेघेच्या प्रत्येक सांध्यावर आडवी छेदरेघ उमटते. परिवर्तनीय फाँटमध्ये आणखी भर: त्यांत एका अक्षराचे भाग एकमेकांवर चढलेले ठेवतात, म्हणून 'क' च्या पोटातही रेघा दिसतात. भरीव मथळ्यासाठी पेंट-ऑर्डरला 'स्ट्रोक फिल' द्यावे. मग आधी रेघ ओढली जाते, वरून रंग भरला जातो आणि आतल्या रेघा झाकल्या जातात. रेघेचा आतला अर्धा भागही झाकला जात असल्याने २ पिक्सेलची रेघ हवी असेल तर ४ लिहावे. साध्या मजकुराला क्रोम हे १२३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२४ पासून मानतो, फायरफॉक्स आणि सफारी त्याआधीपासून. पोकळ अक्षरे हवी असतील तर हा उपाय चालत नाही, कारण झाकायला रंगच नसतो. तिथे मथळा चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकसंध करून एसव्हीजी चित्र म्हणून टाकावा आणि खरा मजकूर पर्यायी मजकूर म्हणून द्यावा.

पारदर्शक रंगाची गोष्ट याचीच बहीण. रंग ६० टक्के अपारदर्शक दिला आणि शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर चढत असतील, तर सांध्यांवर गडद ठिपके येतात. पारदर्शकता रंगात न घालता ओपॅसिटी म्हणून संपूर्ण घटकाला द्यावी. मग मथळा आधी एकसंध रंगवला जातो आणि नंतर फिका होतो.

रंगछटा भरताना, म्हणजे बॅकग्राउंड-क्लिप 'टेक्स्ट' करून अक्षरांचा रंग पारदर्शक ठेवताना, धोका वेगळा आहे. छटा फक्त घटकाच्या चौकटीत रंगते. ओळीची उंची १.१ ठेवली असेल तर चौकटीबाहेर गेलेला रफार आणि अनुस्वार रंगावाचून राहतो, म्हणजे दिसतच नाही. 'बार्देश'चा 'बादेश' होतो आणि मुद्रितशोधन करणारा मूळ मजकुरात चूक शोधत बसतो. वर-खाली ०.२५ ईएम पॅडिंग द्यावे.

अधोरेखाही बघून घ्यावी. ब्राउझर अक्षराचा पाय लागला की अधोरेखा तोडतात, आणि उकार, ऋकार, ष्ट्र असलेल्या ओळीत ती ठिगळांसारखी होते. टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.३ ईएम दिले की पुरेसे खाली जाते.

ओळीची उंची आणि कापलेले माथे

उंची लिहिलीच नाही तर ब्राउझर ती फाँटच्या आतल्या मोजमापांवरून काढतो, आणि फाँटमध्ये या मोजमापांचे तीन वेगळे संच असतात. मॅक एक संच वाचतो, विंडोज दुसरा, फाँटमधली एक खूण लावलेली असेल तर तिसरा. फाँट करणाऱ्याने तिन्ही जुळवले नसतील तर एकच बटण मॅकवर मधोमध आणि विंडोजवर खाली झुकलेले दिसते. हे ब्राउझर बदलून सुटत नाही. ओळीची उंची नेहमी आकड्यात लिहावी: मजकुराला १.६ ते १.७, मथळ्याला १.३५ पेक्षा खाली नको. बातमीच्या चौकटीत दोन ओळींनंतर मजकूर कापण्याची सोय असते, तिथे १.२ ठेवले की वरच्या ओळीचा माथा जातो. ॲसेंट-ओव्हरराइड आणि डिसेंट-ओव्हरराइड वापरून मोजमापे बदलता येतात, पण सफारी ती मानत नाही. म्हणून आयफोनचे वाचक असतील तर त्यांवर विसंबू नये.

मराठीचा ल, कोंकणीचा ल

गोव्यातल्या पानांचा हा खास प्रश्न आहे आणि बाहेरच्या मार्गदर्शिकांत तो सहसा सापडत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान राहिले. त्यामुळे एकाच संकेतस्थळावर दोन्ही भाषा शेजारी असणे इथे नेहमीचे. आपल्या डोळ्याला ओळखीचा ल आणि श मराठी वळणाचा असतो. अनेक फाँटांत मूळ आकार हिंदी वळणाचा आणि मराठी आकार भाषेच्या खुणेमागे ठेवलेला असतो. नोटो सान्स देवनागरी त्यांपैकीच. पानाला लँग 'एमआर' (मराठी) दिले की मराठी ल दिसतो. कोंकणी मजकुराला प्रामाणिकपणे 'केओके' (कोंकणी) दिले, आणि फाँटमध्ये कोंकणीची खूण नसली, तर तोच ल परत हिंदी वळणाचा होतो. एका परिच्छेदात एक ल, दुसऱ्यात दुसरा.

कोंकणी मजकुराला 'एमआर' देऊन वेळ मारून नेऊ नये. पडद्यावरचे वाचून दाखवणारी साधने आणि शोधयंत्रे भाषेची खूण वाचतात, त्यांना खोटी भाषा सांगणे हा कोंकणी वाचकावर अन्याय आहे. फायरफॉक्समध्ये फाँट-लँग्वेज-ओव्हरराइड वापरून भाषा कोंकणीच ठेवता येते आणि आकार मराठी मागता येतो. पण हा गुणधर्म सगळे ब्राउझर मानत नाहीत, त्यामुळे ती ओळ सर्व वाचकांपर्यंत पोचत नाही. सरळ मार्ग म्हणजे मूळ आकारच मराठी असलेला फाँट घ्यावा. तिरो देवनागरीच्या मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा वेगवेगळ्या फाइली याच कारणासाठी आहेत.

काही बिघाड फाँटचे वाटतात, पण ते टंकलेखनाचे असतात. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोड क्रमांक ०९७२. जुन्या सवयीने 'अ' टंकून त्यावर चंद्र दिला तर हार्फबझ ती जोडणी अवैध मानतो आणि मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ टाकतो. म्हणून क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये वर्तुळ दिसते. सफारीत दिसले नाही तरी मजकूर चूकच असतो, आणि 'ॲप' शोधणाऱ्याला तो सापडत नाही. संपूर्ण विदागारात एकदा बदल करून टाकावा.

'किनाऱ्यावर' मधला ऱ्य दोन रीतींनी टंकता येतो: ऱ (०९३१) घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (२००डी) घेऊन. दुसऱ्या रीतीतला जोडक डोळ्याला दिसत नाही, आणि मजकूर 'स्वच्छ' करणाऱ्या अनेक प्रणाली तो पुसतात. मग 'किनाऱ्यावर'चा 'किनार्यावर' होतो आणि 'दऱ्या'चा 'दर्या', म्हणजे डोंगरातली दरी थेट समुद्रात जाते. पहिली रीत धरावी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे. जुना मजकूर जोडकाचाच असेल तर फाँटचा तुकडा (लागतील तेवढ्याच अक्षरांची छोटी फाइल) करताना युनिकोड-रेंजमध्ये २००सी आणि २००डी ठेवायला विसरू नये. आणि तुकडा करणाऱ्या साधनाने जोडाक्षरांचे तक्तेच काढून टाकले, तर 'कुंकळ्ळी' मध्ये ळ खाली उघडा हलन्त दिसतो. हे दिसले की ब्राउझर बदलत बसू नये, फाइल नव्याने करावी.

मोठे पहिले अक्षर ठेवायची हौस असेल तर सांभाळून. 'श्रीमंगेश' मधून जुने ब्राउझर फक्त 'श्' उचलत आणि 'री' मागे ठेवत. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ व्या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. जुने फोन लक्षात घेता 'श्री' पूर्ण स्पॅन टॅगमध्ये घालावे. जोडाक्षराच्या मध्ये स्पॅन उघडू नये, आतली जुळणी तुटू शकते.

विंडोज धूसर का दिसतो

समजा, फाँटच्या १००० एककांत शिरोरेघ ८० एककांची आहे. १६ पिक्सेलच्या मजकुरात ती १.२८ पिक्सेलची होते. १३६६ × ७६८ च्या कचेरीतल्या पडद्यावर पाव पिक्सेल म्हणजे राखाडी पट्टा. मॅकच्या आणि बहुतेक फोनच्या दाट पडद्यावर तोच भाग डोळ्याला लागत नाही. क्रोम आणि एज १३२ व्या आवृत्तीपासून विंडोजच्या क्लिअरटाइप ट्यूनरमधली (अक्षरे सुस्पष्ट करण्याच्या सोयीतली) तीव्रता आणि गॅमा मानतात. स्टार्टमध्ये क्लिअरटाइप शोधून पाच पायऱ्या एकदा केल्या की त्या संगणकावर फरक पडतो. वाचकाच्या संगणकावर तो आपल्याला करता येत नाही, म्हणून मजकूर १७ किंवा १८ पिक्सेलचा ठेवावा आणि २०० किंवा ३०० वजनाचे नाजूक मथळे टाळावेत. मॅकवाले डिझायनर वेबकिट-फाँट-स्मूदिंग 'अँटीएलिअस्ड' लावून अक्षर बारीक करतात. ती ओळ विंडोज आणि अँड्रॉइडवर काहीच करत नाही, त्यामुळे तिच्यावर बेतलेले वजन बाकी सगळीकडे जाडच दिसणार.

कोणाला काय द्यावे

तपासणीचे हत्यार म्हणून आमची पसंती फायरफॉक्सला. इन्स्पेक्टर, म्हणजे पानाची आतली रचना दाखवणारे साधन, त्यातल्या फाँट्स पटलात निवडलेल्या शब्दाला नेमका कोणता फाँट लागला ते दिसते आणि परिवर्तनीय अक्ष सरकपट्टीने फिरवून बघता येतात. क्रोम आणि एजमध्ये एफ-१२ दाबून कम्प्युटेड पटलाच्या तळाशी 'रेंडर्ड फाँट्स' बघावे. तिथे फाँटचे नाव, तो जाळ्यावरून आला की संगणकातला आहे, आणि किती अक्षराकृती त्यातून आल्या हा आकडा असतो. मथळ्यात एक आकृती निर्मला यूआय या विंडोजच्या फाँटमधून आली असे दिसले, तर बहुधा '₹' किंवा 'ॲ' फाँटमध्ये नाही. रोजच्या कामाला ही सोय सर्वांत झटपट. सफारीच्या इन्स्पेक्टरमध्येही फाँटचे पटल आहे आणि खोट्या ठळकपणाची सूचना तो स्वतःहून देतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. अडचण अशी की आयफोनवरचे पान तपासायला मॅक लागतो.

वाचण्याच्या अनुभवात, फाँट आणि स्टाइलशीट नीट असतील तर चौघांत निवड करण्याइतका फरक उरत नाही. मॅकवर सफारीत मजकूर सर्वांत नितळ दिसतो, पण मोजमापांचे बदल तो मानत नाही आणि त्याची जुनी आवृत्ती जुन्या आयफोनला चिकटून राहते, कारण ती फोनच्या प्रणालीसोबतच बदलते. त्यामुळे नवी सजावट सर्वांत उशिरा पोचते ती तिथे.

फाँटांत बातमी आणि लांब मजकुराला 'मुक्त' हा फाँट (२०० ते ८००, सात वजने), बदलत्या रुंदीच्या मथळ्यांना 'अनेक देवनागरी', जत्रेच्या किंवा बालनाट्याच्या पानाला बलू २, ग्रंथालयाच्या गंभीर मजकुराला तिरो. एकाच वजनाचे फाँट फक्त मोठ्या मथळ्याला, आणि तेही वजन ४०० लिहूनच.

तपासणी विंडोजवरच्या क्रोममध्ये १०० टक्के झूमवर, साध्या पडद्यावर सुरू करावी, कारण सर्वांत जास्त तिथेच उघडे पडते. मग एखादा स्वस्त अँड्रॉइड फोन, मग फायरफॉक्स, शेवटी आयफोन. प्रत्येक ठिकाणी आधी 'मूर्तींची'चा माथा, मग 'राष्ट्रीय'चा पाय, मग 'सासष्टी'ची शिरोरेघ बघावी.